बाळंतिणीजवळ कोण आहे?

प्रसूती विभागात नवी बाळंतीण खाटेवर आली की सिस्टर पहिल्यांदा एकच गोष्ट विचारतात: हिच्याजवळ कोण आहे? या प्रश्नाचे अपेक्षित उत्तर ठरलेले असते. आई आहे, सासू आहे, मोठी जाऊ आहे, नाहीच कोणी तर गावाहून मावशी निघाली आहे आणि संध्याकाळच्या गाडीने दादरला उतरेल. मुंबईच्या एका सार्वजनिक रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका म्हणून काम करताना मी हा प्रश्न इतक्या वेळा ऐकला आहे की त्यामागे केवढी मोठी व्यवस्था गृहीत धरलेली आहे, याचा विचार करायला मला बराच काळ जावा लागला. बाळंतपणासाठी माहेरी जाणे, सव्वा महिना घराबाहेर न पडणे, शेक-शेगडी, धुरी, तेल लावणाऱ्या बाई, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, या सगळ्याकडे आपण शरीराची झीज भरून काढण्याचे उपाय म्हणून पाहतो, आणि ते तसे आहेतही. पण या रिवाजाने बाईला त्याहून मौल्यवान असे जे मिळते ते म्हणजे सलग झोप, आणि रात्री दोन वाजता बाळ रडले तर उठणारे दुसरे माणूस.

निर्वासित बाईला घरदार सोडावे लागते तेव्हा हे दुसरे माणूसच तिच्या आयुष्यातून नाहीसे होते. आई सीमेपलीकडे राहिलेली असते, बहीण तिसऱ्याच देशात पोहोचलेली असते, सासू प्रवासात दगावलेली असते. ताडपत्रीच्या एका खोपटात किंवा परक्या शहरातल्या एका खोलीत मोठी माणसे दोनच उरतात, ती आणि तिचा नवरा. म्हणून निर्वासित कुटुंबात बाप मुलांच्या संगोपनात किती उतरतो हा प्रश्न मला मुलांच्या भवितव्याइतकाच, किंबहुना त्याआधी, आईच्या मनःस्वास्थ्याचा वाटतो. आपल्याकडे जे काम चार बायका वाटून घेतात ते तिथे करू शकणारा तोच एक उरलेला असतो, आणि हे काम आता तुझे आहे असे त्याला कोणीही सांगितलेले नसते.

संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेच्या आकडेवारीनुसार युद्ध, छळ आणि हिंसाचार यांमुळे घर सोडावे लागलेल्यांची संख्या २०२४ च्या अखेरीस १२ कोटी ३२ लाखांवर होती आणि त्यांत मुलांचे प्रमाण सुमारे ४० टक्के होते. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही, त्यामुळे आपल्या कायद्यात निर्वासित अशी वेगळी वर्गवारीच नाही, आणि मुंबईत अशी कुटुंबे फारशी दिसत नाहीत असे आपल्याला वाटते. पण ज्या मुंबईत मी वाढले ती निर्वासितांना पुरेपूर ओळखणारी मुंबई होती. फाळणीनंतर कराचीहून बोटीने आणि राजस्थानमार्गे रेल्वेने सिंधी कुटुंबे इथे आली. कल्याणजवळ दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी उभारलेल्या लष्करी छावणीत सुमारे एक लाख माणसांची सोय करण्यात आली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्याच छावणीच्या जागी उल्हासनगरची कोनशिला बसली. चेंबूरचा कॅम्प, मुलुंडची वसाहत आणि शीव-कोळीवाड्याची पंजाबी वसाहत याच काळातल्या.

चेंबूरला आमच्या शेजारी एक सिंधी आजी राहत असत. शिकारपूरच्या बऱ्यापैकी सुखवस्तू घरातून त्या कल्याणच्या छावणीत आल्या आणि त्यांचा पहिला मुलगा तिथेच, बराकीत झाला. एका लांबलचक बराकीत अनेक कुटुंबे, आणि दोन कुटुंबांच्या मध्ये दोरीवर टाकलेले गोणपाट, एवढाच काय तो आडोसा. त्यांची आई वाटेत वारली होती आणि सासू आजारी होती. शिकारपूरला असताना ज्यांनी स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला नव्हता असे त्यांचे पती पहाटे, इतर पुरुष उठण्याच्या आत, सार्वजनिक नळावर जाऊन बाळाची दुपटी धूत असत, कारण कोणी पाहिले तर त्यांना लाज वाटत असे. तीन विटांच्या चुलीवर पाणी तापवून ते बाळंतिणीला आणून देत. मध्यरात्रीनंतर बाळाला खांद्यावर टाकून दोन बराकींमधल्या चिंचोळ्या वाटेने फेऱ्या मारत, आणि तेवढ्या वेळात आजी झोपत. दिवसा हाच माणूस लोकलच्या डब्यातून गोळ्या आणि कंगवे विकत हिंडत असे. मला हे सांगताना आजींच्या बोलण्यात नवऱ्याचे कौतुक तर होतेच, पण एक गोष्ट त्या आवर्जून सांगत. पलीकडच्या बराकीत एक जमीनदार होते. जमीन गेली, कुळे गेली, आणि ते गृहस्थ दिवसभर खाटेवर बसून भिंतीकडे पाहत राहत. त्यांची बायको पापड लाटून पाच मुलांचे पोट भरत होती. एका पावसाळ्यात ती बोलायचीच थांबली आणि पुढे बराच काळ बोलली नाही. आजींच्या मते दोन्ही घरांत दारिद्र्य सारखेच होते आणि दोन्ही बायकांचे दुःखही सारखेच होते, फरक फक्त रात्रीच्या त्या तीन-चार तासांचा होता.

एका शेजारणीच्या आठवणीवर सिद्धांत उभा करता येत नाही हे मला कळते. पण पुढे रुग्णालयात आणि वाचनात जे दिसत गेले ते या आठवणीशी जुळत गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार विकसनशील देशांत बाळंतपणानंतर सुमारे २० टक्के स्त्रियांना मानसिक विकाराला, मुख्यतः नैराश्याला, सामोरे जावे लागते. संघर्षग्रस्त प्रदेशांतल्या लोकसंख्येत कोणत्याही वेळी पाचांतली एक व्यक्ती मानसिक विकाराने त्रस्त असते असे २०१९ च्या एका मोठ्या अभ्यासात आढळले. ज्या बाईच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी एकत्र येतात तिच्या वाट्याला काय येत असेल याची कल्पना करता येते. बापांचे काय, हा प्रश्न संशोधकांनीही उशिराच विचारला. २०१० मध्ये अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा बाळाच्या जन्माच्या आगेमागे सुमारे १० टक्के बापांमध्येही नैराश्य आढळले आणि जिथे आई खचलेली होती तिथे बाप खचलेला असण्याची शक्यता अधिक होती. म्हणजे दोघांपैकी एकालाच औषध आणि आधार देऊन भागणारे हे दुखणे नव्हे.

बाप संगोपनातून अंग का काढून घेतो याचे उत्तर केवळ पुरुषी वृत्तीत शोधले तर अर्धेच हाती लागते. लेबनॉनमध्ये सीरियन निर्वासितांना शेती, बांधकाम आणि साफसफाई एवढ्याच क्षेत्रांत काम करण्याची मुभा दिली गेली. २५ ऑगस्ट २०१७ नंतर म्यानमारमधून सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात आले. कॉक्स बाजारच्या छावण्यांत त्यांना रीतसर नोकरी करण्याची परवानगी नाही. २०२३ मध्ये निधीअभावी तिथला माणशी मासिक शिधा १२ डॉलरवरून आधी १० आणि मग ८ डॉलरवर आणला गेला. कमावणारा माणूस एवढीच ज्याची घरातली ओळख होती, त्याच्याकडून ती ओळख काढून घेतली, हातात शिध्याचे कार्ड दिले आणि दिवसभर रिकामे बसवले, की तो घरात असूनही नसल्यासारखा होतो. मदतसंस्था शिधा आणि रोख रक्कम शक्यतो बाईच्या हाती देतात, सभा बायकांच्या घेतात, बाळाच्या वजनाची नोंद बाईला सांगतात. त्यामागचे कारण मला पूर्णपणे मान्य आहे, कारण बाईच्या हातचा पैसा मुलांच्या तोंडी जातो हा अनुभव आपल्याकडच्या बचत गटांनीही दिला आहे. मात्र या व्यवस्थेत बापाशी बोलायचे राहूनच जाते, आणि बाईच्या आधीच्या कामांत रांगेत उभे राहण्याचे आणि सभेला जाण्याचे काम वाढते. एवढे सगळे समजून घेतल्यावरही मला असे वाटत नाही की या अपमानाचे कारण पुढे करून एखाद्या पुरुषाने बाळ बायकोच्या मांडीवर टाकून बाहेर निघून जावे. अपमान तिचाही झालेला असतो.

कधी बाप घरात नसतोच. आपल्या कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. तीत प्रामुख्याने स्त्रिया आणि मुले होती, कारण बरेच पुरुष सैन्यात लढत होते आणि कित्येक सोव्हिएत कैदेतून परतलेच नव्हते. २०२२ मध्ये युक्रेनने १८ ते ६० वयाच्या पुरुषांना देश सोडण्यास बंदी घातली तेव्हा पुन्हा तसेच चित्र दिसले. अशा ठिकाणी बापाला संगोपनात आणा हे सांगणे निरर्थक असते आणि शेजारणींचे, शाळेचे, छावणीतल्या दवाखान्याचे जाळे विणावे लागते. वळिवड्याला शाळा होत्या, चर्च होते, रुग्णालय होते, आणि त्या बायकांनी मुले वाढवली ती अशा सामूहिक आधारावर.

काही वर्षांपूर्वी आमच्या वॉर्डात एक अफगाण बाई दाखल झाली. तिचा नवरा शिकण्यासाठी मुंबईत आला होता आणि ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल तालिबानच्या हाती गेल्यावर दोघांचे परतणे अशक्य झाले होते. कायद्याच्या भाषेत ते निर्वासित नव्हते, व्हिसाची मुदत वाढवून राहणारे परदेशी होते. पण घर नाही, माहेर नाही आणि पुढच्या वर्षी कुठे असू याची खात्री नाही, ही अवस्था निर्वासितांचीच होती. सिझर झालेले, टाके ओले, कुशीवर वळता येत नाही आणि बाळ पाळण्यात रडते आहे. प्रसूती विभागात संध्याकाळच्या भेटीच्या वेळेशिवाय पुरुषांना प्रवेश नव्हता, आणि रात्री थांबण्याचा नातेवाईक पास फक्त बाईलाच मिळत असे. हा नियम बाकीच्या बायकांना संकोच होऊ नये म्हणून केलेला होता आणि तो चुकीचा नव्हता. तरी ज्या बाईकडे पाससाठी दुसरी बाईच नाही तिचे काय करायचे, याचा विचार नियम करताना कोणी केला नव्हता. पहिल्या रात्री शेजारच्या खाटेवरच्या मुलीच्या आईने, रत्नागिरीकडच्या एका आजींनी, आपल्या नातवाबरोबर हेही बाळ सांभाळले. दुसऱ्या दिवशी सिस्टर इन्चार्ज बाईंनी तिची खाट दाराजवळच्या कोपऱ्यात हलवली, भोवती पडदा लावला आणि तिच्या नवऱ्याला दूध पाजण्याच्या वेळा ठरवून आत सोडले. लेखी नियम काही बदलला नाही, तेवढ्यापुरती वाट काढली गेली.

आम्हाला अधिक अवघड गेले ते पुढचेच काम. बाईला दरी ही अफगाणिस्तानातली भाषा सोडून दुसरी येत नव्हती आणि नवरा हिंदी चांगली बोलत असे, त्यामुळे डॉक्टरांपासून मावशींपर्यंत सगळे त्याच्यामार्फतच तिच्याशी बोलत होते. बाळंतिणीच्या मनःस्थितीची चाचणी घेण्यासाठी जगभर वापरली जाणारी, १९८७ मध्ये एडिनबरा येथे तयार झालेली दहा प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. तिच्यातला शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. तो प्रश्न नवऱ्याच्या तोंडून विचारून त्याचे उत्तर नवऱ्याच्याच तोंडून ऐकणे म्हणजे तो न विचारण्यासारखेच होते. शेवटी त्यांच्या ओळखीतल्या एका अफगाण विद्यार्थिनीला फोन लावला, नवऱ्याला औषधे आणायला खाली पाठवले आणि फोन बाईच्या कानाशी दिला. ती बराच वेळ बोलली. मारहाण किंवा धाकदपटशा नव्हता, हे आधी कळणे आवश्यक होते. मग कळले ते असे की तिच्याकडे बाळंतिणीला चाळीस दिवस जपतात, तुपातला पिठाचा गोड पदार्थ करून घालतात, आणि हे सगळे करणारी आई फोनवर रोज रडत होती. तिला वाटत होते की बाळ तिच्या हातून पडेल, म्हणून ती झोपतच नव्हती.

नवऱ्याशी मी नंतर वेगळे बोलले. तो वाईट माणूस नव्हता. त्याला बाळाला हात लावायची भीती वाटत होती, आणि त्याहून अधिक म्हणजे बायकोच्या आईच्या कामात आपण लुडबूड करू नये असे त्याला प्रामाणिकपणे वाटत होते, जणू ती आई शेजारच्या खोलीत होती. त्याला लंगोट बदलायला, मान सावरून बाळ उचलायला आणि दूध पिऊन झाल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढायला आमच्या मावशींनी शिकवले, आणि त्या शिकवण्यात त्याच्या पुरुष असण्याचा किंचितही बाऊ केला नाही याबद्दल मला त्यांचे फार कौतुक वाटले. घरी गेल्यावर रात्री नऊचे दूध पाजून झाले की पुढच्या पाजण्यापर्यंत बाळ त्याच्याकडे आणि ती आतल्या खोलीत, दार लावून, असे ठरले. पुढच्या तपासणीला आली तेव्हा ती दुःखी होतीच. तिचा देश तिला परत मिळालेला नव्हता, आणि बापाने बाळाला फिरवल्याने ते दुःख जाईल असे मानणे हा त्या दुःखाचा अवमान झाला असता. पण ती झोपत होती, जेवत होती आणि बाळ हातून पडेल ही भीती गेली होती.

अशा प्रयत्नांना अभ्यासाचाही आधार आहे. पाकिस्तानात रावळपिंडीच्या ग्रामीण भागात लेडी हेल्थ वर्कर म्हणून काम करणाऱ्या, म्हणजे आपल्या आशासेविकांसारख्या, स्त्रियांना साधे प्रशिक्षण देऊन नैराश्यग्रस्त गरोदर स्त्रियांच्या घरी पाठवण्यात आले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार बाळ सहा महिन्यांचे झाले तेव्हा या स्त्रियांपैकी २३ टक्के नैराश्यात होत्या आणि नेहमीच्याच भेटी मिळालेल्या स्त्रियांपैकी ५३ टक्के. या पद्धतीत घरातल्या माणसांनाही सोबत घेण्यावर भर होता, आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेने तिची पुस्तिका स्वीकारली. रवांडामध्ये १९९४ च्या नरसंहारात आणि त्यानंतर सुमारे वीस लाख माणसे देशाबाहेर पळाली होती. त्याच देशात पुढे तरुण बापांसाठी आणि जोडप्यांसाठी ‘बांदेबेरेहो’ या नावाची पंधरा बैठकांची मालिका चालवली गेली. गरोदरपण, बाळाची देखभाल, घरातले निर्णय आणि हिंसा हे तिचे विषय होते. पावणेदोन वर्षांनी पाहिले तेव्हा भाग घेतलेल्या कुटुंबांत बायकांवरील मारहाण इतरांपेक्षा कमी होती आणि पुरुष घरकामाला व मुलांना अधिक वेळ देत होते. या दोन्ही ठिकाणची माणसे छावणीतली नव्हती, हे लक्षात ठेवायला हवे. युगांडातल्या ऱ्हायनो वस्तीत दक्षिण सुदानी निर्वासित स्त्रियांसाठी ताणतणावावरच्या ध्वनिमुद्रित बैठका झाल्या, त्यांचाही चांगला परिणाम दिसला. मात्र तिथे बोलावणे स्त्रियांनाच होते. स्त्रीला बळ देणे आणि तिच्या शेजारच्या पुरुषाला कामाला लावणे ही दोन कामे वेगवेगळ्या संस्थांनी वेगवेगळ्या वर्षी करण्याची नसतात, असे मला ठामपणे वाटते.

निर्वासितांना हे सांगताना आपण फार उंचावर उभे आहोत असेही नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरातली विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवत होत्या आणि पुरुष ९७. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व रजा २६ आठवड्यांची झाली, पण खासगी क्षेत्रातल्या बापासाठी कायद्यात काहीच नाही. चाळीतल्या किंवा झोपडपट्टीतल्या ज्या घरांत परप्रांतातून आलेले जोडपे एकटेच राहते, तिथली बाळंतीण त्या अफगाण बाईपासून फार दूर नसते.

बाळंतिणीच्या घरी भेट देणाऱ्या आरोग्य स्वयंसेविकांना मी दोन प्रश्न वहीत लिहून घ्यायला सांगत आले आहे. पहिला आईला, आणि तो नवऱ्याच्या कानावर जाणार नाही अशा बेताने, त्याला दुकानात पाठवून किंवा बाळाचे वजन करायला बाहेर नेऊन विचारायचा: काल रात्री सलग किती वेळ झोपलीस, आणि घरात कोणाची भीती वाटते का? भीती वाटते असे उत्तर आले तर पुढचा रस्ता वेगळा, तिथे बापाला बाळाजवळ ढकलण्याची घाई करायची नाही आणि त्याच दिवशी वरिष्ठांना कळवायचे. भीती नसेल तर दुसरा प्रश्न बापाला, त्याच्या समोर बसून, नजर त्याच्याकडे ठेवून विचारायचा: काल रात्री बाळ उठले तेव्हा तुम्ही काय केलेत? बरेचसे पुरुष या प्रश्नाने गडबडतात, कारण तोपर्यंत कोणी त्यांना बाळाबद्दल काही विचारलेलेच नसते. मग भेटीची पुढची वेळ त्याच्या सुटीची धरायची आणि लंगोट त्याच्याकडून बदलून घ्यायचा.